सासूबाईंची तबकडी

"माझ्या हातात आलेली वस्तू शंभर वर्षं मरत नाही!"

हे वाक्य जपूनराव लग्नात म्हणत, बारशात म्हणत आणि एकदा तर एका मयताच्या घरीही म्हणून बसले होते. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, पण ते तिथून कधी बाहेर आलंच नाही. दिवसभर "जपून! अहो, जपून!" असं ओरडत फिरणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आणि जुनी फिल्म जतन करणाऱ्या एका संग्रहालयाच्या तळघरात ते नोकरीला होते. तबकडी वाकू द्यायची नाही, फिल्म कुजू द्यायची नाही, एवढंच काम. पण ते करायला किती अक्कल लागते हे जगाला कळत नाही, याचा त्यांना भयंकर राग होता! तबकड्या उभ्या ठेवायच्या आणि फिल्मची रिळं आडवी. इतकी साधी गोष्ट! पण झाडणारा येऊन रिळं उभी करून जायचा, साहेब येऊन "सगळं एकसारखं दिसलं पाहिजे" म्हणून तबकड्या आडव्या करायला सांगायचे. हवा गार हवी, कोरडी हवी, उजेड नको. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला की ती कुजायला लागली असं समजायचं. त्यामुळे जपूनरावांना कुठेही गेलं की आधी हुंगायची सवय लागली होती. लोकांच्या घरात पाऊल टाकताच ते दोनदा नाक ओढत. बऱ्याच नातेवाइकांनी त्यांना बोलावणं सोडलं ते त्यामुळेच.

"तबकडीचे शत्रू कोण?" ते विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "धूळ, ऊन, ओल, बोटं आणि नातेवाईक!"

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. बेडरूममधलं सर्वांत कोरडं कपाट तबकड्यांना दिलेलं होतं. त्यामुळे बायकोचे कपडे गेली कित्येक वर्षं पलंगाखालच्या सुटकेसमध्ये राहत. फ्रीजमध्ये रिळांचे डबे आणि भाजी बाहेर पाण्याच्या पातेल्यात. पाहुण्यांनी थंड पाणी मागितलं की बायको म्हणायची, "माठातलं चालेल का? फ्रीजमध्ये आमचं लग्न आहे." ते खरंच होतं. लग्नाची फिल्म खालच्या कप्प्यात आडवी निजलेली होती आणि जतन व्हायला लागल्यापासून कुणी एकदाही पाहिलेली नव्हती.

पण या सगळ्यात मुकुटमणी होती ती सासूबाईंची तबकडी.

फार पूर्वी बाजारात एक दुकान होतं. तिथल्या काचेच्या खोलीत उभं राहून बोलायचं, की तुमच्या आवाजाची तबकडी तिथल्या तिथे कोरून हातात मिळायची. सासरे शाळेत कवायत शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, घरचेही. तर मास्तर एकदा सासूबाईंना घेऊन त्या दुकानात गेले होते आणि त्यांच्या आवाजाची तबकडी करून आणली होती. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात जपूनरावांनी मास्तरांपुढे हात पसरला. हातात पांढरे मोजे होते.

"ती तबकडी माझ्याकडे द्या. तुमच्याकडे तिची वाट लागेल."

मास्तर आत गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग आले आणि खाकी पाकिटातली तबकडी त्यांनी जावयाच्या हातावर ठेवली. तेव्हापासून ती कपाटात उभी होती. जपूनरावांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. वाजवायचा प्रश्नच नव्हता! असल्या तबकडीवर लाखेसारखा नाजूक थर असतो आणि प्रत्येक वेळी सुई फिरली की तो थोडा खरवडला जातो. कॉपी करायची तर खास मऊ सुई हवी. ती मागवा म्हणून ते साहेबांच्या मागे लागलेले होते. साहेब मागवत नव्हते.

"तोवर साध्या सुईवर करा की," बायको म्हणायची.

"साध्या सुईवर? तुझ्या आईचा आवाज आहे तो, गोधडी नाही शिवायची!"

असं चाललेलं असताना मास्तरांचा ऐंशीवा वाढदिवस आला. बायकोच्या भावाने, म्हणजे मेहुण्याने, सहज फोनवर म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी आईची तबकडी ऐकू या सगळे."

जपूनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"ऐकू या? अरे, ती काय ऐकायची वस्तू आहे?"

"मग कसली आहे?"

"जपायची!"

त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगायला सुरुवात केली. माणसांना कशाची किंमत नाही. आज ऐकतील, उद्या परत ऐकतील, परवा त्यावर बश्या ठेवतील! बायको सुटकेस उघडून कपडे काढत होती. ती तशीच खाली बसून राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मला आईचा आवाज आठवेनासा झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ती काय बोलायची ते सगळं आठवतं. पण आवाज येत नाही. परवा खूप प्रयत्न केला, तर माझ्याच आवाजात ऐकू आलं. तुमच्या कपाटात आवाज शाबूत आहे, आणि माझ्या डोक्यातनं तो गेला. मग काय उपयोग हो?"

धूळ, ऊन, ओल, सगळ्यांवर त्यांच्याकडे उपाय होता. यावर नव्हता.

"एकदाच," ते शेवटी म्हणाले. "एकदाच वाजवू. पण माझ्या अटींवर!"

अटी त्यांनी सगळ्यांना फोन करून कळवल्या. खिडक्या बंद. खाणं-पिणं नंतर. हात धुऊन बसायचं आणि तरीही काही शिवायचं नाही. पंखा बंद. या शेवटच्या अटीवर मेहुणा भडकला, कारण त्याचं पंख्यांचंच दुकान होतं.

"पंख्याने काय होतं, भाऊजी?"

"धूळ उडते!"

"तो आमच्या दुकानातला पंखा आहे! अजिबात आवाज करत नाही!"

"मी धूळ म्हणतोय, तू आवाज काय म्हणतोयस?"

सगळ्यांत नवल म्हणजे खुद्द मास्तरांना हा बेत पसंत नव्हता. "राहू द्या हो, जावईबापू," ते फोनवर चाचरत म्हणाले. "कशाला उगाच काढता ती? कपाटात आहे ना सुखरूप? मग असू दे की. झिजेल बिजेल."

जपूनरावांना गहिवरून आलं. या अख्ख्या घराण्यात शहाणा असा एकटा हाच माणूस! "बघ," ते बायकोला म्हणाले, "ज्याची बायको गेली तो थांबा म्हणतोय. आणि तुम्हाला घाई!"

वाढदिवसाच्या दिवशी टॅक्सीत तबकडी मागच्या सीटवर मधोमध उभी बसली. तिला पट्टा लावला होता. बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि तिच्या मांडीवर जपूनरावांचा तबकडी वाजवायचा यंत्रडबा.

"ताई, मागे जागा आहे की," ड्रायव्हर म्हणाला.

"मागे माझी आई बसलीय," बायको म्हणाली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि नंतर पूर्ण रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही.

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, असे दोघंच राहत. आत्यांना जेमतेम ऐकू यायचं, पण नको ते नेमकं ऐकू यायचं. जपूनरावांनी आत शिरताच दोनदा नाक ओढलं, बाहेरच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, वाढदिवसाचा केक न्हाणीघरात नेऊन ठेवला आणि सगळ्यांना भिंतीला टेकून बसवलं. पाच मिनिटांत सगळे घामाने चिंब झाले. मेहुणा छतावरच्या आपल्या पंख्याकडे दुःखाने बघत होता. मास्तर सारखे उठत होते.

"मी जरा बाहेर जाऊन येतो."

"बाबा, बसा ना! तुमच्यासाठीच तर चाललंय!"

जपूनरावांनी मोजे चढवले. पाकिटातून तबकडी काढली, कडेने धरली, मऊ ब्रशाने पुसली, यंत्रावर ठेवली. बायकोने डोळ्यांना पदर लावून ठेवला, रडू येईलच या तयारीने. सुई टेकली. खरखर झाली. सगळ्यांनी श्वास रोखला.

"साऽऽवधान!!" तबकडी गरजली.

बायकोचा पदर खाली पडला.

"पाय जुळवा! छाती पुढे! पोट आत! दोन्ही हात... वर!"

मेहुण्याचे दोन्ही हात वर गेले. बायकोचेही गेले! बिचाऱ्यांचा इलाज नव्हता, लहानपणी रोज सकाळी याच आवाजावर त्यांनी अंथरूण सोडलं होतं. आत्यांनीसुद्धा एक हात वर केला. आवाज सासूबाईंचा नव्हता. तरुणपणच्या मास्तरांचा होता, दणदणीत, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा.

"डावा पाय पुढे! एक, दोन! एक, दोन! कोण हसतंय रे तिकडे?"

हसत कुणीच नव्हतं. जपूनराव मोज्यातला हात सुईजवळ तसाच धरून पुतळ्यासारखे उभे होते. इतकी वर्षं! बायकोचे कपडे सुटकेसमध्ये, भाजी पातेल्यात, आणि कपाटात कोण? कवायत!

"चोरी!" ते किंचाळले. "तबकडी बदललीय कुणीतरी!"

"भाऊजी, मी हात तरी खाली घेऊ का?"

"तूच! तूच तो! त्या दिवशी पंखा बसवायला आला होतास आमच्याकडे!"

"मी पंखा बसवायला आलो होतो, आई न्यायला नाही!"

"मग कपाटाला टेकून कोण उभं होतं?"

"स्टूल पडत होतं म्हणून टेकलो! तुम्ही ते धरायचं सोडून माझ्या अंगाला कसला वास येतोय ते हुंगत होतात!"

"अहो, माझ्या भावाला चोर म्हणू नका!"

"मग काय, माझ्या कपाटाला पाय फुटले?"

या गदारोळात आत्यांनी शेजारी बसलेल्या भाचीला, म्हणजे जपूनरावांच्या बायकोला, सहजपणे विचारलं, "काय हरवलंय यांचं?"

"आईची तबकडी, आत्या!" ती आत्यांच्या कानात ओरडली.

"हात्तिच्या! ती होय? ती आहे की आत. दर रविवारी दुपारी लावतो हा. मला काही ऐकू येत नाही, पण मी बसते सोबतीला."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बाहेर जायला निघाले होते ते उंबऱ्यावरच थांबले.

"दोन्ही एकाच दिवशी केल्या होत्या," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आधी माझी, शाळेसाठी. मग हिची. पाकिटं सारखीच. मी देणारच होतो हो हिचीच. खरंच आत गेलो, हातात घेतली. पण दारात तुम्ही मोजे घालून उभे. मनात आलं, बायको गेली. आता तिचा आवाजही कुलपात जाणार. मग... दुसरी दिली."

"बाबा! आणि मला? मला नाही सांगावंसं वाटलं?" बायकोचा आवाज चिरकला. "मी इकडे आठवून आठवून वेडी व्हायची वेळ!"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकायला आली असतीस. तुझ्या मागोमाग हे आले असते."

जपूनरावांच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत! तज्ज्ञ म्हणून ज्यांच्याकडे लोक लांबून येत, त्यांनी सासऱ्याची "एक, दोन" शंभर वर्षांसाठी टिकवून ठेवली होती! ते तरातरा आतल्या खोलीत गेले आणि आतून अशी काही किंकाळी आली की मेहुणा धावला.

तबकडी होती. खिडकीत! उन्हात! आडवी! मास्तरांच्या जुन्या यंत्रावर, पाकिटाशिवाय, आणि तिच्या मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग!

"आडवी," जपूनराव पुटपुटले. "उन्हात... आणि चहा!"

"मी लिंबूपाणी घेतो दुपारचं," मास्तर मागून म्हणाले. "चहा आत्याचा."

जपूनरावांनी तबकडी उजेडात तिरकी धरून पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थराला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. कडेला तो उचकटला होता. फुंकर मारली तरी निघेल अशी अवस्था.

"कुणी हात लावू नका! ही मी उद्या तळघरात नेतो. आठवडाभर गारव्यात ठेवतो. मग सुई आली की..."

"सुई कधी येणार?" बायकोने विचारलं.

"साहेबांनी मागवली की."

"साहेब कधी मागवणार?"

तेवढ्यात मास्तरांनी, ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने, जावयाच्या हातातली तबकडी अलगद काढून घेतली, जुन्या यंत्रावर ठेवली आणि तिच्यावर सुई टेकवली. दर रविवारी टेकवत तशी. साधी, जाडजूड, गंजकी सुई!

खरखर सुरू झाली आणि त्या खरखरीमागून एक बाईचा आवाज आला. "झालं का सुरू? काय बोलू मी?"

बायकोने भिंतीचा आधार घेतला. "आई," ती म्हणाली. "हो, असाच होता. असाच."

पण जपूनरावांना दुसरंच दिसत होतं. सुई जिथून जात होती तिथला थर बारीक बारीक कपच्या होऊन उडत होता. थांबवायची सोय नव्हती, सुई उचलताना सगळाच पापुद्रा निघाला असता. सासूबाई बोलत होत्या आणि बोलता बोलता कायमच्या जात होत्या!

"फोन!" ते ओरडले. मेहुण्याच्या खिशात त्यांनी स्वतःच हात घातला, मोज्यासकट. फोन मोज्याला दाद देईना. त्यांनी दातांनी मोजा ओढून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्या बोटांनी ध्वनिमुद्रण सुरू केलं. फोन तबकडीवर धरला आणि मग काय सुटले!

"खिडकी लावा! ऊन येतंय! बोट काढा ते! आत्या, कप उचला! कुणी श्वास घेऊ नका! मास्तर, लांब व्हा, लांब! गप्प बसा, सगळे गप्प बसा!"

गप्प सगळे होतेच.

मग एक चर्र असा आवाज झाला, थराची एक लांब पट्टी सुईला गुंडाळून वर आली आणि थराखालचा नुसता धातूचा पत्रा चमकायला लागला. यंत्र फिरत राहिलं. मास्तरांनी सुई उचलली, पट्टी बोटांनी सोडवली आणि ती टाकावी कुठे हे न कळून हातातच धरून ठेवली.

"संपली," ते म्हणाले.

जपूनरावांना आता ओरडावंसं वाटेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत होती.

"आलंय का त्यात?" तिने विचारलं.

त्यांनी फोनमधलं ध्वनिमुद्रण लावलं. आधी सासूबाई, अगदी स्वच्छ: "मला गाणंबिणं येत नाही. तिकडे दोरीवर कपडे वाळत घातलेत आणि आभाळ भरून आलंय, अन् तुम्ही मला या काचेच्या खोक्यात..." आणि त्यावर जपूनराव, सासूबाईंच्या दुप्पट आवाजात: "खिडकी लावा! बोट काढा ते! कुणी श्वास घेऊ नका! गप्प बसा, सगळे गप्प बसा!"

आणि लगेच सासूबाई, ठसक्यात:

"अहो, किती ओरडता! हे काय मैदान आहे का? हळू बोला की जरा, लोक बघतायत!"

पहिल्यांदा मेहुणा फुटला. मग बायको, ती रडत होती आणि हसतही होती. आत्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या हसत सुटल्या. "त्या दिवशी मला म्हणाली होती ती," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "माझी कवायत ऐकून दुकानाबाहेर गर्दी जमली होती. बोलणी माझी होती, जावईबापू. तुम्ही मधे आलात आणि खाल्लीत!"

जपूनराव लाल झाले. त्यांनी परोपरीने सांगितलं, की संग्रहालयातला ध्वनितंत्रज्ञ त्यांचा आवाज हळूच पुसून काढू शकेल, सासूबाईंच्या एका शब्दालाही धक्का लागणार नाही, एका दिवसाचं काम आहे. सगळ्यांनी एकमुखाने नकार दिला. बायको तर म्हणाली, "हात लावाल तर खबरदार! आईने तुम्हाला पहिल्यांदाच गप्प केलंय."

आता ते ध्वनिमुद्रण मास्तर रोज दुपारी ऐकतात. झिजायची भीती नाही ना. "आधी एकट्याला बोलणी बसायची," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आता जावई आहे सोबतीला." बायकोचे कपडे कपाटात परत आले आणि लग्नाची फिल्म फ्रीजमधून निघून तंत्रज्ञाकडे कॉपीला गेली. कवायतीची तबकडी मात्र संग्रहालयाने आनंदाने ठेवून घेतली. इतक्या उत्तम अवस्थेतली तबकडी आपण पाहिली नाही, असं साहेब म्हणाले.

सासूबाईंच्या आवाजाच्या प्रती जपूनरावांनी नियमाप्रमाणे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत, त्यातली एक तळघरात, गार, कोरड्या अंधारात. शंभर वर्षं तिला काही होणार नाही, याची व्यवस्था त्यांनी जातीने केली आहे. शंभर वर्षांनी कुणी ती लावली तर त्यालाही पहिल्यांदा ऐकू येतील त्या सासूबाई, आणि पाठोपाठ त्यांची बोलणी खाणारा एक अनोळखी, आरडाओरडा करणारा माणूस.